तुम्ही विचारलंत म्हणून: ही कुऱ्हाड कोणी घडवली?

जुन्या सामानात हाताने घडवलेली एखादी लहान कुऱ्हाड सापडते, पात्यावर दोन-तीन पुसट अक्षरं दिसतात आणि मला फोटो येतो: ‘ही कोणी बनवली असेल?’ हा प्रश्न मला मनापासून आवडतो, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

आधी एक कळकळीची विनंती. तिला घासू नका. तारेचा ब्रश, ग्राइंडर, पॉलिश पेपर, काहीच नको. ठसा फार खोल नसतो. गंजाबरोबर तोही निघून जातो आणि मग कोणालाच काही सांगता येत नाही. रॉकेलमध्ये भिजवलेलं मऊ फडकं पुरतं. मग अंधारात टॉर्च पात्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा आणि हळूहळू फिरवा. समोरच्या उजेडात सपाट वाटणाऱ्या जागी अक्षरांच्या सावल्या पडू लागतात.

अक्षरं लागली म्हणजे कारागीर सापडला असं नाही. ‘कास्ट स्टील’ हे पोलादाचं नाव, माणसाचं नव्हे. व्यापारीही आपल्या नावाचा ठसा मारून घेत. मालक स्वतःची आद्याक्षरं ठोकत. ती थंड लोखंडावर ठोकलेली असल्याने वेडीवाकडी आणि काठाला धारदार असतात. तापलेल्या लोखंडावरच्या ठशाचे काठ मऊ असतात. गावाच्या नावावरही विसंबू नये. १८२६ साली अमेरिकेत कनेक्टिकटमध्ये सुरू झालेल्या कॉलिन्स कंपनीच्या कुऱ्हाडींवर ‘हार्टफर्ड’ असे, पण कारखाना होता कॉलिन्सव्हिलला. त्या नावाला इतकी पत होती की नकली ठसेही निघाले. म्हणून कंपनीने मुकुटातून वर आलेला हातोडाधारी हात आणि ‘लेजिटिमस’ (लॅटिनमध्ये ‘अस्सल’) हा शब्द अशी खूण वापरली.

म्हणून मी ठशाआधी घडण बघतो. नेढ्यात, म्हणजे दांडा बसतो त्या भोकात, डोकावा. लोखंडाची पट्टी दुमडून, मध्ये नेढ्याची जागा ठेवून दोन्ही टोकं भट्टीत जोडलेली असतील, तर नेढ्यापासून धारेकडे जाणारी जोडाची बारीक रेघ कधीकधी अजून दिसते. पोलाद महाग होतं तेव्हा ते फक्त धारेपुरतं बसवत. ठशापासून लांब, धारेजवळचा एक कोपरा स्वच्छ करून व्हिनेगर लावलं तर पोलाद काळपट होतं, साधं लोखंड उजळ राहतं आणि दोघांमधली सीमा उघडी पडते. ती सीमा पहिल्यांदा दिसते तेव्हा मला त्या लोहाराचा हात दिसतो. मोठ्या प्रमाणावर पोलाद बनवायची बेसेमरची पद्धत १८५६ साली आली आणि पुढे पोलाद स्वस्त झालं, पण लहान भट्ट्यांवर जुनी रीत नंतरही चालू राहिली. त्यामुळे जोड पाहून साल सांगायला मी तयार नसतो. दांड्यावरून तर मुळीच नाही. दांडे बदलतच असतात. देशाचं नाव कोरलेलं असेल तर थोडी मदत होते: आयात मालावर ते हवंच, असा कायदा अमेरिकेने १८९० मध्ये केला.

नाव कधी सापडतं? खुणांची नोंद राहिली असेल तर. इंग्लंडमधल्या शेफिल्डच्या कटलर्स कंपनीकडे, म्हणजे चाकू-सुऱ्या बनवणाऱ्यांच्या संघाकडे, १६२४ पासून कारागिरांच्या खुणा नोंदवल्या जात. स्वीडनच्या ग्रेन्सफोर्स ब्रुक या कारखान्याच्या आजच्या कुऱ्हाडींवर घडवणाऱ्याची आद्याक्षरं असतात. पण गावच्या लोहाराची नोंद कोण ठेवणार? तिथे एकच वाट उरते, त्याच ठशाचं दुसरं अवजार शोधणं. ठशाच्या एका अक्षराचा कोपरा तुटला असेल, तर प्रत्येक अवजारावर तो तसाच तुटका उमटतो. अशी दोन अवजारं जुळली की नाव नसलं तरी दोन्हींवर मारलेला ठसा एकच, हे मी खात्रीने सांगतो.

तेव्हा फोटो पाठवताना ठसा आडव्या उजेडात घ्या, नेढं वरून आणि खालून घ्या, दोन्ही बाजू घ्या. दांडा सैल असेल तरच काढा आणि नुसत्या पात्याचं वजन कळवा.