गोळी अर्ध्या नळीत अडकली तेव्हा

ठासणीच्या बंदुकीत, म्हणजे जिच्यात नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी गजाने ठासून भरतात तिच्यात, गोळी अर्ध्यावर अडकली की आजूबाजूला जमणारे लोक एकच सल्ला देतात : "उडवून टाक!" तो आठवला की अजून डोकं तापतं, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

मी पेनसिल्व्हेनियात राहते. इथे नाताळनंतर हरणांचा एक हंगाम असतो, त्यात फक्त चकमकीच्या ठासणीच्या बंदुका चालतात. शिकारीचा वर्ग, परवाना, रायफलची खरेदी हे सगळं सुरळीत पार पडलं. घोडं अडलं ते सरावाच्या मैदानावर.

माझ्या रायफलची नळी आतून अर्ध्या इंच व्यासाची. गोळी शुद्ध शिशाची, ०.४९० इंचाची आणि तिच्याभोवती ०.०१५ इंच जाडीची सुती चिंधी. दोन्ही बाजूंची चिंधी धरली तर बेरीज ०.५२० होते, म्हणजे नळीपेक्षा जास्त. चिंधी नळीतल्या चऱ्यांत, म्हणजे आतून कोरलेल्या पिळदार खाचांत, दाबून बसते आणि गोळीला फिरकी मिळते, ती यामुळेच. पण काळ्या दारूचं निम्म्याहून जास्त वजन जळल्यावर वायू होतच नाही. त्याचे घन कण होतात. काही धुराबरोबर निघून जातात, बाकीचे नळीला धरून बसतात. आधीच जागा नाही, त्यात हा थर! कोरड्या थंडीत तर त्याचं कडक कवच बनतं.

त्यात भर घातली दुकानदाराने. चिंधीला लावायला त्याने "सगळ्या बंदुकांना चालतं" म्हणून खनिज तेलाची बाटली दिली होती. काळ्या दारूच्या राखेत खनिज तेल मिसळलं की नळीत डांबर तयार होतं. चरबी आणि मधमाशीचं मेण, नाहीतर साधं ऑलिव्ह तेल लावा. हे त्या दुकानात मला कुणीतरी सांगायला हवं होतं, याचा राग आजही आहे.

काही बार झाले आणि पुढची गोळी नळीच्या मध्यावर येऊन थांबली. खाली दारू, मध्ये पोकळी, वर गोळी. ती "उडवून" टाकायला गेलं तर गोळी बुचासारखी आडवी येते, तिथे दाब एकदम चढतो आणि नळी फुगते किंवा फुटते. नळीच्या त्याच भागाखाली आपला डावा हात असतो. एका गृहस्थांनी लाकडी गज हातोडीने ठोकायला घेतला, तोही मी काढून घेतला. लाकूड तिरकं चिरतं आणि त्याचा भाला तळहातात घुसतो.

मी आधी कानातलं (चकमकीखालच्या खोलगट वाटीतलं) रंजक, म्हणजे बार पेटवायची बारीक दारू, झटकलं, चकमक काढून खिशात टाकली, नळीचं तोंड मोकळ्या दिशेला ठेवलं. मग पिचकारीने कानाच्या छिद्रातून पाणी सोडत राहिले, दारूचा पार चिखल होईपर्यंत. दारूतला सोरा पाण्यात विरघळतो, पण अर्धवट भिजलेली दारू भरवशाची नाही, म्हणून हात आखडता घेऊ नका. तोंडातूनही साबणाचं पाणी ओतलं आणि थांबले. हे थांबणंच लोकांना जमत नाही. मागे कुजबुज चालली होती, चालू दे म्हटलं.

मग आडव्या मुठीचा पोलादी गज, त्याच्या टोकाला गोळी ओढायचा स्क्रू. स्क्रूच्या मागे पितळी कडं असलेलाच घ्या. तो नळीच्या मधोमध राहतो आणि चऱ्यांना ओरखडे पडत नाहीत. शरीर नळीसमोरून बाजूला ठेवून स्क्रू फिरवला. पहिल्यांदा नुसता शिशाचा कीस निघाला. पुन्हा जरा जोर देऊन फिरवला तेव्हा तो मऊ शिशात रुतलेला हाताला कळला. ओढली, आली! गोळीवर चिंधीचं विणकाम उमटलं होतं, धागा न् धागा मोजता येईल इतकं स्पष्ट, आणि चिंधी काळी, चिकट. मला फार अभिमान वाटला, तो लपवत नाही.

हो, गजाचं टोक नुसतं चिकटवलेलं नको, आरपार खिळ मारलेलं हवं. नाहीतर ओढताना तेच आत राहतं.

दारू घालायचीच राहिली आणि गोळी ठासली गेली, तर प्रकरण सोपं आहे. गोळी आधी पार तळाशी दाबायची, कानातून चिमूटभर बारीक दारू सरकवायची आणि सुरक्षित दिशेला बार काढायचा. ती तळाशी आहे हे कळतं गजावरच्या खुणांवरून : एक रिकाम्या नळीची, एक भरलेलीची. एरवी दारू घालून बार भरताना दुसरी खूण जुळली नाही तर मी रंजक घालतच नाही.

आता दर बारानंतर एक दमट चिंधी फिरवते, मग एक कोरडी. दमट म्हणजे जिभेने ओलावली इतकीच. ओली झाली तर पाणी खाली उतरून पुढचा बार फुसका जातो. घरी आल्यावर त्याच संध्याकाळी गरम पाणी आणि भांड्यांचा साबण. राख हवेतला ओलावा ओढते, सकाळपर्यंत थांबलात तर नळीत गंज धरलेला दिसेल.