काळी नदी, आई आणि तरीची वाट

आईनं होडीच्या कडेवरून हात खाली सोडला, ओंजळभर पाणी उचललं आणि जिभेला लावलं. "मचूळ आहे. सुकती लागली," म्हणाली. सुकाणूवर बसलेल्या मामांनी मान हलवली. पन्नास वर्षं बेळगावात काढलेल्या, सकाळी उठल्यावर आधी नळाला पाणी आलं का बघणाऱ्या माझ्या आईला काळी नदीची ओहोटी चवीवरून कळते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

कारवारला आम्ही तीन दिवस होतो. खानापूर, लोंढा, रामनगर, जोयडा करत अणशीचा घाट उतरलो. 'चपळ' नावाच्या युद्धनौकेचं संग्रहालय पाहिलं, टागोर बीचवर दोन संध्याकाळी गेल्या, मासे पोटभर खाल्ले. ते सगळं छान झालं. पण मला लिहायचंय ते या होडीबद्दल, आणि त्याआधी ज्या होडीतून आम्ही उतरलो तिच्याबद्दल.

कोडीबाग हे आईचं माहेर, नदीच्या अलीकडच्या, शहराच्या काठाला. 1974 साली तिचं लग्न झालं तेव्हा काळीवर हायवेचा पूल नव्हता. वऱ्हाड कोडीबागहून तरीनं, म्हणजे माणसं पलीकडं नेणाऱ्या होडीनं, सदाशिवगडला उतरलं आणि तिथून बसनं बेळगावला आलं. घरात ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकलेली. पुढे पूल झाला, तरीची होडी बंद झाली आणि आई पुलावरून माहेरी येऊ-जाऊ लागली. 7 ऑगस्ट 2024 ला मध्यरात्रीनंतर तोच जुना पूल कोसळला. एक ट्रक नदीत गेला, चालकाला मच्छीमारांनी आणि पोलिसांनी बाहेर काढलं. बातमी टीव्हीवर लागली तेव्हा आई जेवायची थांबली. चार महिन्यांनी म्हणाली, "मला एकदा होडीनं पलीकडं जाऊन येऊ दे." म्हणून आम्ही गेलो.

रविवारी सकाळी पहिल्याच होडीत बसलो. डॉल्फिन दाखवतो, कूर्मगड बेटाला वळसा घालून आणतो, माणशी 300 रुपये. स्पीकरवर गाणी सुरू होती. माणसं येतच राहिली. बाकड्यांवर जागा संपली तेव्हा मधल्या फळीवर बसवली, मग नाळेवर, होडीच्या पुढच्या टोकावर. लाइफ जॅकेटं एका कोपऱ्यात दोरीनं बांधून ठेवलेली. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीसाठी मी एक मागितलं, तर पोरगा म्हणाला, "अहो, पाणी शांत आहे, कशाला गरम करून घेता?"

आई उठली. "मी उतरतो. तुम्ही पण उतरा." बेळगावच्या बायका बोलतात तसं 'उतरतो'च म्हणाली, आणि तिचा तो आवाज ऐकल्यावर घरात कुणी वाद घालत नाही. पैसे परत मिळाले नाहीत. मागची माणसं कुरकुरली, कुणी तरी म्हणालं की म्हातारी घाबरली.

आई घाबरली नव्हती. 21 जानेवारी 2019 ला कूर्मगडच्या नरसिंहाची जत्रा करून परतणारी होडी याच समुद्रात उलटली आणि 16 जण गेले. माझा मामेभाऊ त्या दिवशी आधीच्या खेपेनं परत आला होता. पौष पौर्णिमेची जत्रा, बेटावरचा देव, वर्षातून एकदाची दर्शनाची घाई. होडीत माणसं जास्त झालेली. कोडीबागच्या घराघरात त्या दिवसाची आठवण आहे. इतकं सगळं घडून गेल्यावरही जॅकेटं दोरीनं बांधून ठेवली जातात, याचा मला आज लिहितानाही संताप येतोय. तुम्ही जाल तेव्हा जॅकेट मागा. नाही म्हणाले तर उतरा. शेजारच्या माणसाला काय वाटेल याचा विचार करत मी दोन मिनिटं गप्प बसलो होतो. ती दोन मिनिटं मला अजून टोचतात.

सोमवारी मामेभावानं ओळखीची होडी सांगितली. वल्हवणारे गृहस्थ साठीचे, कोडीबागचेच. आईच्या माहेरचे म्हणून मी त्यांना मामाच म्हणालो. होडी लहान, मागं इंजिन, आम्ही पाच जण. मामांनी आधी जॅकेटं दिली, स्वतःही घातलं. मुलीच्या जॅकेटचे पट्टे त्यांनी स्वतः आवळले, एक बोट आत घालून बघितलं, पुन्हा आवळले. ती उभी राहून बघायला लागली तसे म्हणाले, "सकयल बस गो बाय." तिला कोंकणी येत नाही, पण ती लगेच खाली बसली.

आधी आम्ही नदीच्या मुखाकडं गेलो. डॉल्फिन दिसले, तीन-चार, पाठ तेवढी वर यायची. मामांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही नुसते तरंगत राहिलो. लांब दुसऱ्या दोन होड्या इंजिनं गरगरवत त्यांच्या मागं धावत होत्या, आणि डॉल्फिन त्यांच्यापासून लांब आमच्या बाजूला येत होते. दक्षिणेला बैतखोल बंदर, त्यापुढं नौदलाचा तळ. तिकडं जायला बंदी. अंजदीव बेटाच्या दिशेला मामांनी नुसतं बोट केलं. 1498 मध्ये वास्को द गामा त्या बेटावर उतरला होता आणि 1961 च्या गोवामुक्तीत ते पोर्तुगिजांकडून घेताना आपले नौसैनिक कामी आले. आईला त्या बाजूचं आठवतं ते वेगळं. आरगा, बिणगा या गावांतल्या तिच्या मैत्रिणी. तळासाठी ती कुटुंबं हलवली गेली. "कोण कुठं गेलं, काय माहीत," एवढंच म्हणाली.

मग होडी वळवून नदीत शिरलो. समोर सदाशिवगड, डोंगर कापून मधून काढलेला हायवे. सोंद्याच्या राजानं वडिलांच्या, सदाशिवलिंगांच्या नावानं गडाला नाव दिलं. पोर्तुगीज या बंदराला सिंताकोरा म्हणायचे, ते आपल्या इथल्या चित्ताकुळ गावाचंच नाव. इंग्रजांनी मिरी आणि कापडासाठी इथं वखार घातली. 1665 मध्ये शिवाजी महाराज कारवारवर आले तेव्हा खंडणीत इंग्रजांनी 112 पौंडांचा वाटा भरला. एवढी जहाजं, एवढे राजे या पाण्यानं पाहिले, आणि पर्यटकांच्या होडीवर मात्र "डॉल्फिन, डॉल्फिन" एवढंच ओरडलं जातं.

रवींद्रनाथ टागोर विशी ओलांडल्यावर इथं आले होते. थोरले बंधू सत्येंद्रनाथ कारवारला न्यायाधीश होते. एका चांदण्या रात्री छोट्या होडीतून रवींद्रनाथ याच काळीतून वर गेले, गडापाशी उतरून शेतकऱ्याच्या अंगणात बसून बरोबर आणलेलं जेवले, आणि परतताना होडी प्रवाहावर सोडून दिली. त्यांचं नाव बीचला दिलंय, ते बरं केलं. पण ही होडीची गोष्ट पाण्यावर बसलेल्या माणसाला कुणी तरी सांगायला हवी. मी ती मुलीला सांगितली. तिनं विचारलं, "मग त्यांनी वल्हवलंच नाही?" मामांनी काही न बोलता इंजिन बंद केलं. थोडा वेळ होडी नुसती पाण्याच्या ओढीनं चालली. त्याच वेळी आईनं ते पाणी जिभेला लावलं.

पुलापासून मामा लांबच राहिले. नव्या पुलावरून दोन्ही बाजूंची वाहनं चाललेली, आणि शेजारी जुन्या पुलाचे खांब पाण्यात उभे. आईनं बराच वेळ तिकडं पाहिलं. नदीतल्या बेटावरच्या काळीमातेला हात जोडले. मग मामांना म्हणाली, "आम्हाला परत कोडीबागला नको. सदाशिवगडच्या बाजूला सोडाल?"

मी बायकोला फोन केला. ती गाडी घेऊन नव्या पुलावरून निघाली आणि आम्ही खालून. मधे पाणी जरा हललं. आईनं एका हातानं कड धरली, दुसऱ्या हातानं माझा गुडघा. लग्नाच्या दिवशी आजोबा काठावरच थांबले होते, होडीत बसले नव्हते, हे तिनं मला तेव्हा सांगितलं. ही गोष्ट आम्ही शंभर वेळा ऐकली, पण हे त्यात कधीच नव्हतं. होडी मध्यावर येईपर्यंत ते दिसत होते, म्हणाली. डोक्यावरचं पांढरं मुंडासं तेवढं दिसत होतं.

पलीकडं चिखल होता. मामा आधी उतरले, गुडघाभर पाण्यात उभे राहिले आणि आईला हात दिला. निऱ्या वर खोचून ती उतरली, काठावर गेली आणि वळून कोडीबागकडं बघत राहिली. मी पैसे काढले. फिरवल्याचे मामांनी घेतले, पलीकडं सोडल्याचे घेईनात. "ही आमची पोर," म्हणाले. आई त्यांच्याहून दहा वर्षांनी तरी मोठी असेल.

आईनं पिशवीतून कुंद्याचा डबा काढला. बेळगावहून निघताना भावजयीसाठी म्हणून घेतलेल्या दोन डब्यांतला एक. मामांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पुढच्या फळीखाली, कोरड्या जागी सारला, आणि बांबूनं चिखलाला रेटा देत होडी मागं घेतली.