आमची वाटचाल: ग्राइंडिंगची रांग आणि तारखेचा शब्द

भोसरी एमआयडीसीत आमचा जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे सुटे भाग ऑर्डरप्रमाणे करून देण्याचा, छोटा कारखाना असून गिअरबॉक्सचे शाफ्ट (फिरणारे दांडे) हे आमचे मुख्य काम आहे. बार कापणे, टर्निंग (लेथ मशीनवर गोल आकार देणे), की-वे (चावी बसवण्याची खाच), मग बाहेरच्या कारखान्यातून हार्डनिंग (धातू कठीण करणे) आणि शेवटी ग्राइंडिंग (घासून अचूक माप आणणे), असा प्रत्येक शाफ्टचा प्रवास असतो. सुरुवातीची कित्येक वर्षे ज्याचा तगादा मोठा त्याचे काम आम्ही चालू सेटिंग मोडून मशीनवर चढवत असू. त्यामुळे ज्याने विश्वासाने वाट पाहिली त्याचाच माल उशिरा जाई, याची खंत मला आजही वाटते.

एका जुन्या ग्राहकाची असेंब्ली आमच्या शाफ्टवाचून बंद पडली, तेव्हा मी सगळी जॉबकार्डे (प्रत्येक कामाच्या नोंदीची कार्डे) घेऊन बसलो. लेथ चार आणि ग्राइंडिंग मशीन एकच. लेथ रिकामे राहू नयेत म्हणून आम्ही माल पुढे ढकलत होतो आणि तो ग्राइंडिंगपुढे दिवसेंदिवस पडून राहत होता. संशोधक जॉन लिटल यांनी १९६१ साली सिद्ध केलेला नियम इथे तंतोतंत लागू पडतो: रोज सरासरी २ लॉट (एकत्र केल्या जाणाऱ्या शाफ्टचे गट) बाहेर पडत असतील आणि आत २४ लॉट असतील, तर एका लॉटचा मुक्काम सरासरी १२ दिवसांचा होणारच. आम्ही मात्र ग्राहकाला ८ दिवस सांगत होतो.

आता वेळापत्रक ग्राइंडिंगपासून उलटे मांडले जाते. गुरुवारची सुट्टी आणि हार्डनिंगचे दिवस वजा करून टर्निंग कधी सुरू करायचे ते ठरते. तोवर लेथ थांबला तरी चालतो, हे कामगारांना आणि त्याहून अधिक मला स्वतःला पटायला वेळ लागला. ग्राइंडिंगपुढे ज्याची तारीख आधी त्याचे काम आधी. एकाच मशीनपुढे सगळी कामे तयार असतील, तर या क्रमाने सर्वांत मोठा उशीर कमीत कमी राहतो, हे संशोधक जॅक्सन यांनी १९५५ मध्ये दाखवले होते. परंतु काम क्षमतेबाहेर गेले की हाच क्रम अनेकांना थोडाथोडा उशीर करतो. अशा वेळी संशोधक मूर यांची १९६८ ची पद्धत उपयोगी पडते: ज्या कामापाशी तारीख चुकते, तिथवरच्या कामांतले सर्वांत जास्त वेळ घेणारे काम काढून शेवटी ठेवायचे, म्हणजे उशिरा जाणाऱ्या ऑर्डरींची संख्या कमीत कमी राहते. कोणाची असेंब्ली थांबेल हे मात्र या हिशेबाला कळत नाही. म्हणून मागे ठेवायच्या ग्राहकाला मी त्याच दिवशी स्वतः फोन करतो आणि त्याची अडचण मोठी असेल तर क्रम बदलतो.

नवीन चौकशी आली की फळ्यावरचे ग्राइंडिंगचे तास मोजल्याशिवाय आम्ही तारीख देत नाही. त्यामुळे काही ऑर्डरी दुसरीकडे गेल्या, आणि त्या जाऊ देणे मला योग्य वाटते.