सहा पायांच्या जेफेटची जोडी

१०० मेगाहर्ट्झचा, दोन चॅनेलचा जुना अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोप (सिग्नल पडद्यावर रेषेने दाखवणारं यंत्र) दुरुस्तीला टेबलावर आला तेव्हा त्याची १५ व्होल्टची रेल, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी लाइन, शॉर्ट होती. ते काम तासाभरात उरकलं. बाहेरून १ व्होल्ट, १ अँपिअरची मर्यादा लावून सप्लाय दिला आणि बोर्डावरच्या तांब्याच्या पट्टीवर मिलिव्होल्ट मोजत गेलो. वाचन जिथे सर्वांत कमी, तिथेच शॉर्ट झालेला टँटलम कपॅसिटर सापडला. मूळचा २० व्होल्टचा होता, जागी ३५ व्होल्टचा बसवला.

खरा दिवस खाल्ला दुसऱ्या चॅनेलने. स्कोप गरम होत गेला की त्याची रेषा पडद्याबाहेर सरकायची. इनपुटला एकाच धातूच्या टोपीत दोन जेफेट (एका प्रकारचे ट्रान्झिस्टर; गेट, सोर्स आणि ड्रेन हे त्यांचे तीन पाय) होते आणि टोपीवर फक्त कंपनीचा स्वतःचा अंतर्गत नंबर. तो भाग आता मिळत नाही. सर्किटमध्ये वरचा जेफेट सिग्नल पुढे देतो, खालचा त्याला ठरावीक करंट पुरवतो. दोघांचं गेट-सोर्स व्होल्टेज सारखं असेल तरच बाहेर शून्य येतं. त्यामुळे नंबर शोधत बसण्याऐवजी सारखी जोडी निवडायची ठरवली.

जे३१० या सुट्या जेफेटचे २४ नग घेतले. ९ व्होल्ट सप्लाय, गेट जमिनीला, सोर्सला ४७० ओहम, आणि त्या ४७० वरचं व्होल्टेज मोजायचं. पहिली वाचनं नुसती उड्या मारत होती, कारण हा जेफेट फार उंच फ्रिक्वेन्सीला सहज ऑसिलेट होतो, म्हणजे आपोआप कंप पावू लागतो. गेटच्या अगदी लगत १०० ओहम घातला आणि आकडा स्थिर झाला. बोटांची ऊबही वाचन हलवते, म्हणून चिमट्याने लावून, वर झाकण ठेवून प्रत्येकी दोन मिनिटं थांबलो. आकडे २.३ ते २.९ व्होल्टपर्यंत पसरलेले, पण १० मिलिव्होल्टच्या आत बसणाऱ्या दोन जोड्या मिळाल्या. एकीच्या सपाट बाजू उष्णतावाहक इपॉक्सीने चिकटवून भोवती तांब्याची पट्टी गुंडाळली, म्हणजे दोघांचं तापमान एकत्रच चढेल-उतरेल. गेट कडेच्या पायावर आहे, मधल्या नाही. इथे घाईत हमखास चूक होते.

बसवल्यावरही रेषा थोडी वर! गेटपाशी फ्लक्स (सोल्डरिंगचं चिकट रसायन) राहिला होता. इनपुट १ मेगाओहमचं, तिथे १ नॅनोअँपिअर गळती म्हणजे १ मिलिव्होल्ट. एका घराला ५ मिलिव्होल्ट या रेंजला रेषा पडद्यावरच्या घराच्या पाचव्या भागाने सरकते. आयसोप्रोपिल अल्कोहोलने ब्रश मारून धुतलं आणि पूर्ण वाळू दिलं. तासभर चालू ठेवल्यावर रेषा जागची हलली नाही, मग १ किलोहर्ट्झचा चौकोनी सिग्नल देऊन अ‍ॅटेन्युएटरचे ट्रिमर (सिग्नल कमी करणाऱ्या त्या भागातले फिरवून जुळवायचे छोटे कपॅसिटर) एकेक करून लावायला घेतले.