बारावं पान

मे महिन्यातली दुपार. गोव्यात बार्देश तालुक्यातल्या एका वाड्यावरून तक्रार आली होती: दिवे मध्येच भगभगून पेटतात, मध्येच मंद होतात, फ्रिज बंद करून ठेवलाय. असं ऐकलं की आम्हा लाइनमनना पहिला संशय येतो तो न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेचा. न्यूट्रल सुटला की घरात नको तेवढं व्होल्टेज शिरतं आणि वस्तू जळतात. हेल्परला ट्रान्सफॉर्मरपाशी ठेवून लाइन बंद केली, अर्थिंग केलं आणि खांबावर चढलो. न्यूट्रलचा सुटत आलेला जोड तिथेच होता. माडाचं चुडत पडून तार ओढली गेली होती, अ‍ॅल्युमिनियमवर पांढरी बुकणी धरली होती आणि आतल्या दोनच तारा जेमतेम टेकून होत्या. घासून, कापून नवा जोड दिला. वीस मिनिटांचं काम.

घर जुनं पोर्तुगीज धाटणीचं, पुढे बल्कांव, म्हणजे बसायला बाकं असलेली ओसरी. तिथे सावलीत दहा-अकरा माणसं बसलेली. कुणाच्या अंगावर फाटका सदरा, एकीच्या पायाला चिंध्या गुंडाळलेल्या. तीन दिवसांनी घरात लग्न होतं आणि त्या दिवशी ‘भिकाऱ्यांचें जेवण’ होतं. गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत ही जुनी रीत आहे. लग्नाआधी घरातल्या मेलेल्या माणसांच्या नावानं गरिबांना घरी बोलावून जेवू घालायचं, त्यांना स्वतः वाढायचं. आता बरेच जण ते जेवण वृद्धाश्रमात पाठवून देतात. या घरच्या म्हाताऱ्या मांयला ते मान्य नव्हतं.

मीटर तपासला, व्होल्टेज बरोबर आलं. हेल्पर तिकडूनच घरी जेवायला गेला. मी हातमोजे पिशवीत घालून निघालो, तर मांय दारात उभी.

“खंय चल्लो, पुता?”

“मांय, अजून दोन तक्रारी आहेत.”

“आयज हांगा जेविल्याबगर कोण वचचो ना. बारावें पान रितें आसा. थंय बस.”

येशूचे शिष्य बारा, म्हणून तिनं बारा पानं मांडली होती. अकराच जण आले होते.

खरं सांगतो, मला राग आला. अंगावर खात्याचा गणवेश, आणि ही बाई मला भिकाऱ्यांच्या पंगतीत बसवतेय. हात काळे आहेत म्हटलं, तिनं तांब्या पुढे केला. उशीर होईल म्हटलं, ती हसली. म्हणाली, “पुता, त्या सगळ्यांनी हेंच सांगिल्लें.” कोणी, ते मला तेव्हा कळलं नाही. प्रार्थना सांगायला आलेल्या एका वयस्कर गृहस्थांनी मग सांगितलं. लूकच्या शुभवर्तमानात, 14 व्या अध्यायात, येशूनं सांगितलेली गोष्ट आहे. एकानं मोठी मेजवानी मांडली. बोलावलेल्यांपैकी एक म्हणाला शेत घेतलंय, एक म्हणाला बैलांच्या पाच जोड्या घेतल्यात, एक म्हणाला आत्ताच लग्न झालंय. मग यजमानानं नोकराला रस्त्यावर पाठवलं आणि गरीब, आंधळे, पांगळे यांना आत आणवलं.

मी बसलो.

जेवणाआधी कोकणीतून प्रार्थना झाली. मांय घरातल्या मेलेल्यांची नावं एकेक करून घेत होती: नवरा, दीर, लहानपणी गेलेली मुलगी. मध्येच थांबून माझ्याकडे वळली. “तुजो बापूय आसा?” नाही म्हटलं. “नांव सांग ताचें.” मी सांगितलं, आणि साखळीच्या विठ्ठलापुरात दर एकादशीला जाणाऱ्या माझ्या बाबांचं नाव त्या यादीत बसलं. बाबांना ते परकं वाटलं नसतं. इथेच राहिलेल्या फादर स्टीफन्स या इंग्रज धर्मगुरूंनी येशूची कथा मराठी ओवीत रचली, ती 1616 साली राचोलला छापली गेली, हे ते मोठ्या कौतुकानं सांगत. आणि श्राद्धाचं अन्न गावानं दूर ठेवलेल्या लोकांना वाढणाऱ्या एकनाथांची गोष्टही मी त्यांच्याच तोंडून ऐकलेली.

केळीच्या पानावर भात, सुक्या सुंगटांची, म्हणजे कोलंबीची कढी, भाजी, शेवटी गूळ आणि नारळाच्या रसातलं वोण हे गोड. नवरामुलगा स्वतः वाढत होता. घरचं कुणीही अजून जेवलं नव्हतं.

शेजारचा माणूस साठीचा असेल. डाव्या हाताला दोनच बोटं. भात कालवताना म्हणाला, “साहेब, तुम्ही म्हापशाचे ना?” मराठी ऐकून मी वर पाहिलं. सोलापूरकडचा. म्हापशाच्या बाजारात बसतो. दर शुक्रवारी मी त्याच्यावरून गेलो असेन, चेहरा कधी पाहिला नव्हता.

“गेल्या पावसात रात्री तुम्ही तिथल्या खांबावर चढला होता. वारा लई होता. तुम्ही खाली येईस्तोवर मी जागचा हललो नाही. नाव घेत बसलो होतो.”

“कुणाचं?”

“विठोबाचं. दुसरं कुणाचं घेणार?”

मला ती रात्र आठवते. ओल्या खांबावर पट्टा एकदा सरकला होता. घरी मी ते आजवर बोललो नाही. खाली रस्ता रिकामा आहे असंच मी समजत होतो. समोर भिंतीवर येशूची तसबीर, तिच्यापुढे मेणबत्ती, आणि माझ्यासाठी देवाला हाक मारणारा माणूस माझ्या पानाला पान लावून कढी ओरपत होता. घास गिळवेना. मांयला वाटलं कढी तिखट झाली. तिनं आणखी वोण वाढलं.

पुढच्या शुक्रवारी बाजारात गेलो. लसणाच्या पाट्यांपलीकडे तो बसला होता. दोन चहा घेतले आणि त्याच्याशेजारी फरशीवर टेकलो. त्यानं आधी मान वर करून खांबाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“आज सुट्टी?” त्यानं विचारलं.