तुम्ही विचारलंत म्हणून: तो आइस्क्रीम-सोड्याचा फ्लोट मी अजून का करतो

"एवढं झाल्यावरही तुम्ही ते बिनसाखरेचं आइस्क्रीम सोड्यात घालून पिता?" वेंगुर्ल्याच्या बाजारात, एसटीत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत मला हे विचारलं गेलं. पाठोपाठ सल्ला येतो, "त्यापेक्षा गोड सोडूनच द्या की."

सोडलं होतं. वयाच्या 43 व्या वर्षी शुगर निघाली तेव्हा पहिली तीन वर्षं पूर्ण सोडलं होतं. आपल्याकडे उन्हाळ्यात कुणाच्याही पडवीत टेकलात की हातात कोकम सरबत नाहीतर पन्हं येतं. दर वेळी "मला चालत नाही" म्हणायचं, मग समोरच्याचा चेहरा पडायचा, मग आतून बिनसाखरेचा चहा यायचा आणि सगळे माझ्या डायबेटिसवर बोलायला लागायचे. तिसऱ्या वर्षी मी लोकांकडे जाणंच बंद केलं. सोडा म्हणणाऱ्यांना ही किंमत दिसत नाही.

मध्ये एकदा दुकानातला 'शुगर फ्री' लिहिलेला डबा आणला. निश्चिंतपणे दोन वाट्या खाल्लं आणि दोन तासांनी रक्तातली साखर मीटरवर 212. डब्याच्या मागे बारीक अक्षरात मॅल्टिटॉल होतं, साखरेऐवजी घालतात ते एक गोड द्रव्य. साखरेचा ग्लायसेमिक इंडेक्स, म्हणजे रक्तातली साखर किती चढते त्याचा आकडा, 65 च्या आसपास, मॅल्टिटॉलचा 35 च्या. म्हणजे कमी, पण शून्य नव्हे. त्या दिवसापासून ठरवलं की जे पोटात जाणार ते आपल्या हातचं असेल.

साधा हिशोब सांगतो. 200 मिलीच्या कोल्ड्रिंकमध्ये 20-21 ग्रॅम साखर, वर व्हॅनिलाचे दोन स्कूप म्हणजे जवळपास तेवढेच कार्ब, पोटात जाऊन साखर होणारा भाग. एका ग्लासात 40-45 ग्रॅम. माझ्या ग्लासात पाचेक ग्रॅम येतात, तेही नारळाच्या दुधातले. गोटी सोडा, एक चमचा आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला आंबट रस, आणि वर नारळाच्या दाट रसाचं आइस्क्रीम. गाईम्हशीचं दूध आगळात फाटतं, म्हणून तर सोलकढीला नारळाचा रस घेतात. हे सुचायला मला दोन महिने लागले, याची अजून रुखरुख वाटते, कारण रोज जेवणात समोर वाटी असायची. आगळात मीठ असतं, सोडा वरून ओतला की ग्लासाबाहेर फसफसतो. आगळ आधी थोड्या गार पाण्यात मिसळायचं, सोडा कडेने सोडायचा आणि आइस्क्रीम सगळ्यात शेवटी अलगद ठेवायचं.

खरं अवघड असतं ते आइस्क्रीम मऊ ठेवणं. साखर नुसती गोडी देत नाही, ती पाण्याला पूर्ण गोठू देत नाही. नुसतं स्टीव्हिया, ते पानांपासूनचं गोड, घातलं तर फ्रीजरमधून जांभ्याचा चिरा निघतो. एरिथ्रिटॉल, म्हणजे साखरेसारखी दिसणारी नकली गोड पूड, घातलं तर सुरुवातीला बरं असतं, पण गारठ्यात त्याचे पुन्हा खडे होतात आणि दाताखाली वाळू लागते. शेवटी एरिथ्रिटॉल कमी केलं, खाण्याचं ग्लिसरीन एक चमचा, ग्वार गम चिमूटभर. ज्या दिवशी चमचा विनासायास आत गेला, त्याच आठवड्यात माझा भाचा आला.

दोन वर्षांपूर्वीचा ऑक्टोबर. सहामाही संपली होती. पोरगा 14 वर्षांचा, नऊ वर्षांचा असल्यापासून टाइप 1. आमचं दुखणं फक्त नावाने एक. माझं शरीर इन्सुलिनला दाद देत नाही, त्याचं ते बनवतच नाही. त्यामुळे तो खाण्यातले कार्ब मोजतो आणि 10 ग्रॅमला 1 युनिट इन्सुलिन टोचतो. तो हे इतक्या सहज करतो की बघणाऱ्याला विसरायला होतं.

माझी बहीण आणि बायको फराळाचं सामान आणायला बाजारात गेल्या होत्या. मी ग्लास भरून त्याच्यापुढे ठेवला. त्याने विचारलं, "मामा, यात साखर किती घातलीस?"

मी म्हटलं, "नेहमीसारखीच. तू पी आधी."

मी खोटं बोललो. मला त्याच्या तोंडून ऐकायचं होतं की फरक कळत नाही. आधी सांगितलं असतं तर मला बरं वाटावं म्हणून तो छान म्हणाला असता, आणि मला तसलं छान नको होतं. त्याने मनात 45 ग्रॅम धरले, साडेचार युनिट घेतली, ग्लास रिकामा केला आणि म्हणाला, "भारी झालंय." मला जे हवं होतं ते मिळालं होतं.

सव्वा तासाने तो पडवीत बसला होता. टीशर्ट ओला. लाइट गेली होती, मी पण घामाघूम झालो होतो, म्हणून मला काही वाटलं नाही. मग तो म्हणाला, "मामा, माझे हात थरथरतायत." मीटरवर 52, म्हणजे साखर धोक्याइतकी खाली. ग्लुकोजचा डबा बहिणीच्या पर्समध्ये, पर्स बाजारात. "साखर दे," तो म्हणाला. मी डब्यातून तीन चमचे भरवले, वर पाणी दिलं.

"ही थंड लागते," तो म्हणाला.

मी म्हटलं, "पाणी पी, बोलू नकोस."

पंधरा मिनिटं थांबून परत तपासायचं असतं, हे मला माहीत होतं. मी घड्याळाकडे बघत बसलो. पंधरा मिनिटांनी 43. आणि तेव्हा तो 'थंड' हा शब्द माझ्या डोक्यात शिरला. एरिथ्रिटॉलचे कण जिभेवर विरघळताना तोंडातली उष्णता ओढून घेतात, म्हणून पुदिन्यासारखा गारवा येतो. रक्तातली साखर त्याने वाढत नाही. त्यासाठीच तर मी ते वापरत होतो. घरात खऱ्या साखरेचा दाणा नव्हता. ती मीच बाहेर काढली होती आणि चारचौघांत ते अभिमानाने सांगतही होतो.

गडगा ओलांडून शेजारी धावलो. काकी म्हणाल्या, "तुमच्या घरात साखर नाय?" पण उत्तराची वाट न बघता अमृत कोकमाची बाटली हातात दिली. पाणी न घालता तो दाट पाक वाटीने पाजला. तोवर त्याचे शब्द जड झाले होते, पण गिळत होता. 61. परत अर्धी वाटी. 84. त्या इन्सुलिनचा जोर तीन-चार तास असतो, म्हणून अंधार पडेपर्यंत दर अर्ध्या तासाने त्याचं बोट टोचत राहिलो.

बहीण आली तेव्हा तोच तिला म्हणाला, "मामाची चूक नाही, मीच नीट विचारलं नाही." ते वाक्य मी तसंच राहू दिलं. रात्री जेवताना खरं सांगितलं. तिने एवढंच विचारलं, "त्याने तुला विचारलं होतं?" मी हो म्हटलं. ती पानावरून उठली.

म्हणून तुम्ही "तरीही?" म्हणता तेव्हा मला राग येतो, आणि तो राग मला पुरता योग्यही वाटत नाही. घात त्या आइस्क्रीमने केला नाही, मी जे लपवलं त्याने केला, असं मी बरेच दिवस सांगत होतो. ते खरं आहे. पण ज्या घरात सगळंच नकली गोड, त्या घरात मी टाइप 1 चं पोर बोलावलं होतं, हेही खरं आहे.

शिवाय तेव्हाचा मी म्हणायचो, साखर नाही म्हणजे धोका नाही. फेब्रुवारी 2023 मध्ये 'नेचर मेडिसिन'मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला: रक्तात एरिथ्रिटॉल जास्त असलेल्यांमध्ये हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त आढळले. संबंध दिसला म्हणजे कारण सिद्ध झालं असं नव्हे, हे मला समजतं. पण 30 ग्रॅम घेतल्यावर ते रक्तात दोन दिवसांहून जास्त चढलेलं राहिलं, हे वाचून रोजचा ग्लास मी रविवारवर आणला. तोही बंद करावा, असं काही रविवारी वाटतं. काही रविवारी शेजारचे येतात, मी आठ ग्लास भरतो, त्यांच्या सातांत साखरेचं आइस्क्रीम, माझ्या आठव्यात माझं, आणि तासभर कुणी डायबेटिसचं नावही काढत नाही.

आता वरच्या फळीवर लाल झाकणाच्या डब्यात खरी साखर असते. एरिथ्रिटॉलच्या डब्यावर आणि आइस्क्रीमच्या झाकणावर चिठ्ठी असते, आत काय, किती ग्रॅम.

गेल्या मे महिन्यात भाचा परत आला. त्यानेच ग्लास मागितला. मी काही न बोलता झाकण त्याच्यापुढे ठेवलं. त्याने चिठ्ठी वाचली, मला एकदा परत विचारलं, "नक्की पाच?" आणि अर्धं युनिट घेतलं. बहिणीने ग्लुकोजचा डबा उघडून त्याच्या ग्लासाशेजारी ठेवला आणि ती तिथेच बसली. त्याने सगळं संपवलं. कसं झालंय ते तो बोलला नाही, मीही विचारलं नाही.