गायगर काउंटर, नोंद चौथी: फुग्याने आणलेली मजा

मागच्या नोंदीत मी मोठ्या ऐटीत लिहिलं होतं की खिडकीपाशी किरणोत्सार दुपटीने वाढतो. ते खोडतो. गायगर काउंटर म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र; किरण किंवा कण त्याच्या नळीत टिपला गेला की एक टिकटिक होते. माझी जे-305 नळी काचेची आहे आणि ऊन थेट तिच्यावर पडत होतं. प्रकाशानेही ती टिकटिकते! काळी चिकटपट्टी गुंडाळली, तर खिडकीतला आकडा गुमान खोलीतल्या आकड्याला येऊन मिळाला.

दुसरी खोड घाईची. मिनिटभर मोजलं की कधी 17 येतात, कधी 32. आता दहा मिनिटांखाली मोजत नाही. रिकाम्या टेबलावर 236 टिकटिक आल्या. अशा मोजणीतली अनिश्चितता आकड्याच्या वर्गमुळाएवढी धरतात. इथे ते साधारण 15, म्हणजे मिनिटाला 23.6, दीड इकडेतिकडे. पोटॅशियम क्लोराइडची पिशवी नळीला टेकवली तेव्हा 311. पोटॅशियमच्या दहा हजार अणूंत जेमतेम एक किरणोत्सारी पोटॅशियम-40 असतो, तरी एवढा फरक. आपल्या अंगातही तो आहेच. दर सेकंदाला चार हजारांच्या आसपास अणूंचं विघटन चालू असतं.

धूरसूचकातलं किरणोत्सारी अमेरिशियम-241 निरुपयोगी ठरलं, त्यातून निघणारे अल्फा कण काच ओलांडत नाहीत. उघडून बघायचा मोह झाला, आवरला. तुम्हीही उघडू नका.

खरी मजा फुग्याने आणली. फुगवून लोकरीवर घासला आणि बंद खोलीत तासभर टांगून ठेवला. हवेतल्या रेडॉन या किरणोत्सारी वायूच्या विघटनातून शिसं-214 आणि बिस्मथ-214 तयार होतात, धूलिकणांना चिकटतात, आणि विद्युतभारित फुगा ते ओढून घेतो. हवा सोडून तो रबराचा तुकडा नळीवर ठेवला तर मिनिटाला 162! चाळीस मिनिटांनी 93, आणखी चाळीस मिनिटांनी 58. (आकडा घसरत असल्याने दहा मिनिटांचा नियम मोडून पाच-पाच मिनिटंच मोजली.) शिशाचा अर्धायुकाल (निम्मे अणू विघटित व्हायला लागणारा वेळ) 27 मिनिटं, बिस्मथचा 20, पण शिशातूनच नवं बिस्मथ बनत राहतं, म्हणून एकत्रित उतार दोन्हींपेक्षा संथ दिसतो. वहीतला आलेख बघून मी दोनदा चहा विसरलो.

पडद्यावरचा मायक्रोसीव्हर्टचा (शरीराला मिळणाऱ्या किरणोत्साराच्या मात्रेचा) आकडा मात्र मी कागद चिकटवून झाकलाय. तो सीझियम किंवा कोबाल्टच्या गॅमा किरणांवरून बेतलेला असतो, आणि फुग्यावरून येतात ते बहुतांशी बीटा कण.

निसर्गाकडून माणसाला वर्षाला जगभरात सरासरी 2.4 मिलिसीव्हर्ट मिळतात. त्यातले 1.26 एकट्या रेडॉनच्या गोतावळ्याचे, श्वासातून. छातीच्या एका सीटी स्कॅनचे साधारण 7, पण तो डॉक्टरांनी कारणासाठी काढलेला असतो. मी इतके दिवस चकाकत्या, रेडियम लावलेल्या तबकड्यांची जुनी घड्याळं धुंडाळत होतो, आणि मोजण्यासारखी गोष्ट खोलीतल्या हवेतच होती.

काल तोच प्रयोग खिडक्या सताड उघड्या ठेवून केला. मिनिटाला 41. पुढच्या वेळी फुगा तळघरात.